ऋतूंप्रमाणे चढणारे, उतरणारे संप्रेरक

गेल्या वर्षी एक मध्यमवयीन गृहस्थ कॉर्टिसॉलचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. आकडा वाढलेला होता. "डॉक्टरसाहेब, हे स्ट्रेस हार्मोन शून्यावर आणायला काय घ्यावे?" शून्यावर आले तर जीवावरच बेतेल, हे त्यांना समजावले. पण 'ताणाचे संप्रेरक' हे नाव आपणच रूढ केले, याची टोचणी मनाला लागून राहिली. त्याच सुमारास स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवरील काही शोधनिबंध वाचनात आले. ते व्यवसायबंधूंना सांगावेसे वाटतात.

पक्ष्यांत कॉर्टिसॉलचे काम कॉर्टिकोस्टेरॉन करते. अमेरिकेच्या पश्चिम भागात हिवाळा काढून विणीसाठी अलास्कात जाणारी एक गाणारी चिमणी आहे. डोक्यावर काळे-पांढरे पट्टे, वजन साधारण 25 ग्रॅम. जॉन विंगफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा दीर्घ अभ्यास केला. जाळ्यात सापडल्यापासून 3 मिनिटांच्या आत पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचे, ही मूळ पातळी. मग कापडी पिशवीत ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा नमुना, हा ताणाला दिलेला प्रतिसाद. (आपल्याकडे नमुना घेताना असे घड्याळ कोण पाहतो?)

स्थलांतराच्या काळात मूळ पातळी किंचित चढते. एवढ्या माफक वाढीने पक्षी बिथरत नाही. उलट भरपूर खातो, चरबी साठवतो. उत्तरेत पोहोचल्यावर वसंतात प्रतिसाद जोरकस असतो. अवेळी हिमवादळ आले, तर हीच वाढ त्याला गाणे आणि हद्द राखणे सोडून अन्न नि आसरा शोधायला लावते.

विणीनंतर जुनी पिसे झडून नवी येतात, तेव्हा मात्र दोन्ही पातळ्या वर्षातल्या नीचांकावर असतात. पीस म्हणजे केराटिन, अर्थात प्रथिन. आणि हे संप्रेरक तर प्रथिने मोडणारे! 2005 मध्ये मायकेल रोमेरो आणि सहकाऱ्यांनी युरोपातील स्टार्लिंग या साळुंकीच्या कुळातील पक्ष्यांना ते बाहेरून दिले, तेव्हा नवी पिसे हळू वाढली. दीर्घकाळ प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांची कागदासारखी त्वचा आपण पाहतोच. ती वाचताना मला आठवली.

त्या गृहस्थांना खोदून विचारले. पहिला नमुना त्यांनी रांगेत कडाक्याचे भांडण करून, दोनदा सुई टोचून घेतल्यावर दिला होता. दुसऱ्या खेपेस सकाळी आठ वाजता, अर्धा तास शांत बसवून रक्त घेतले. आकडा मर्यादेत आला.