दात गेल्यावर : कवळी, ब्रिज की इम्प्लांट?

दाढ काढल्यानंतर ठणका थांबतो आणि दुसरा प्रश्न उभा राहतो : त्या जागी आता काय बसवायचे? नंदुरबार, शहादा, नवापूर येथील रुग्णांना याची अनेक उत्तरे ऐकावयास मिळतात. गावातील दंतवैद्य ब्रिज सुचवतात, सुरतेहून उपचार घेऊन आलेले नातेवाईक इम्प्लांटची शिफारस करतात, तर जाहिराती 'एका दिवसात नवे दात' देण्याचे आश्वासन देतात. खर्चाच्या आकड्यांतील तफावत पाहून गोंधळ आणखी वाढतो. हा निर्णय मुख्यतः चार गोष्टींवर अवलंबून असतो : शेजारच्या दातांची स्थिती, जबड्याचे हाड, शरीरातील अन्य आजार आणि पुन्हा पुन्हा तपासणीस जाण्याची सोय.

दात वाचतो का?

पहिला प्रश्न मात्र दात काढण्यापूर्वीचा आहे. कीड खोलवर गेली, तरी मूळ भक्कम असेल तर रूट कॅनालने दात वाचवता येतो. अशी दाढ पुढे ठिसूळ होऊन चावताना फुटण्याचा धोका असल्याने तिच्यावर कॅप बसवतात. कॅप धातूची, धातूवर चिनी मातीचा थर दिलेली किंवा झिर्कोनियाची असते. मागच्या दाढेला मजबुती महत्त्वाची, तर पुढच्या दाताला रंगाची जुळणी. रूट कॅनाल करून कॅप टाळणे ही बचत अनेकदा दात गमावूनच फेडावी लागते.

तीन पर्याय

दात गेलाच, तर काढघाल करण्याची कवळी सर्वांत स्वस्त पडते. तिला शस्त्रक्रिया लागत नाही. पण ती हलते आणि तिच्याने चावण्याची ताकद कमी मिळते. ब्रिजमध्ये दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्या आधाराने मधला दात बसवतात. काम थोड्या भेटींत होते. मात्र शेजारचे दात निरोगी असतील, तर ते कायमचे घासले जातात. त्या दातांना आधीच कॅपची गरज असेल, तर ब्रिज हा शहाणपणाचा पर्याय ठरतो.

इम्प्लांटमध्ये शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही. टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवून त्यावर जोडभाग आणि शेवटी कॅप चढवतात. स्वीडिश संशोधक ब्रॉनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाल्याचे आढळले. १९६५ मध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले; २००६ मध्ये लार्सन यांचे निधन होईपर्यंत ते टिकले. हाड असे एकजीव होण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. काही निवडक रुग्णांना त्याच दिवशी तात्पुरते दात देता येतात, तरी हाडाला लागणारा हा काळ टळत नाही.

कोणी जपावे?

अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान आणि हिरड्यांचा जुना आजार यांमुळे इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. हाडांच्या ठिसूळपणावर किंवा कर्करोगावर औषधे सुरू असल्यास ती दंतवैद्यास आवर्जून सांगावीत. त्यांतील काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत मुलांना इम्प्लांट बसवत नाहीत.

नंदुरबार जिल्ह्यात आणखी एका आजाराचा विचार करावा लागतो. सातपुड्यातील आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. या रुग्णांत जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा ताण यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, तसेच जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बाधित होऊ शकतो. म्हणून शक्य तेथे दात काढण्याऐवजी वाचवण्यावर भर देतात आणि कोणतीही शस्त्रक्रिया फिजिशियनच्या सल्ल्यानेच करतात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी झाली असल्यास तिचे कार्ड दंतवैद्यास दाखवावे. केवळ वाहक असलेल्यांना सहसा असा त्रास होत नाही. तरी माहिती द्यावीच.

अंतराचा हिशेब

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गामुळे नंदुरबार व नवापूरकरांना सुरत जवळचे वाटते. धडगाव किंवा मोलगीच्या रुग्णाची गोष्ट वेगळी. इम्प्लांटसाठी तपासणी, शस्त्रक्रिया, टाके काढणे, माप घेणे, कॅप बसवणे अशा अनेक फेऱ्या होतात आणि पुढे दरवर्षी तपासणी लागते. स्क्रू सैल झाला किंवा हिरडी सुजली, तर पुन्हा तेथेच जावे लागते. प्रवास आणि बुडालेली मजुरी धरली, तर जवळच्या दंतवैद्याने नीट बसवलेला ब्रिज किंवा चांगली कवळी काही कुटुंबांना अधिक हिताची ठरते.

सौंदर्याचा मोह

लग्नसराईच्या तोंडावर दात पांढरे करून घेण्याकडे ओढा असतो. तंबाखू, मिश्री आणि चहाचे वरवरचे डाग बहुतेकदा दात स्वच्छ करून घेतल्यानेच जातात. त्याने दात सैल होतात हा गैरसमज आहे. ब्लीचिंगने काही काळ दात सळसळू शकतात आणि कॅपचा रंग त्याने बदलत नाही. व्हेनियर बसवताना दाताचे आवरण सहसा थोडे घासतात व ते पुन्हा येत नाही. त्यामुळे विशीतील निरोगी दातांसाठी घाई नको. मिश्री सुटली नाही, तर डाग परत येतातच.

होकार देण्यापूर्वी

दात वाचण्याची शक्यता किती, हाड पुरेसे आहे का, इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, स्क्रू, जोडभाग व कॅप यांचा खर्च वेगवेगळा किती, हाड भरावे लागल्यास किती वाढेल आणि उपचार फसल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी मागावे. इम्प्लांटचा क्रमांक असलेले कार्डही जपून ठेवावे. दहा वर्षांनी दुसऱ्या गावातील दंतवैद्याला दुरुस्ती करताना त्याचाच आधार होतो.