शाळा-शाळा खेळताना मूल काय सांगतं?

शाळेतून आलेल्या मुलाला घरोघरी विचारलं जातं, 'आज शाळेत काय काय झालं?' स्वमग्न मुलाकडून यावर बहुतेकदा उत्तरच येत नाही, किंवा 'डबा खाल्ला' एवढंच येतं. पालक समजतात, दिवस बरा गेला. मग तासाभराने मोजा नीट निघाला नाही एवढ्यावरून मूल आकांत मांडतं आणि घरातले बुचकळ्यात पडतात. मुळात हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. सहा-सात तास मनात पुन्हा उभे करायचे, त्यातलं सांगण्याजोगं निवडायचं, त्या वेळी काय वाटलं त्याला नाव द्यायचं आणि ऐकणाऱ्याला कळेल अशा क्रमाने मांडायचं, एवढं सगळं त्यात येतं. लंडनमधले मानसशास्त्रज्ञ डर्मट बाउलर यांच्या संशोधनात असं दिसलं की, कसलाही आधार न देता आठवायला सांगितलं तर स्वमग्न व्यक्ती मागे पडतात. समोर एखादी खूण ठेवली की हा फरक बराच कमी होतो. शाळा-शाळाच्या लुटुपुटूच्या खेळात अशा खुणा भरपूर असतात. म्हणून माझं म्हणणं असं की, शाळेबद्दल मुलाला काय वाटतं हे जाणून घ्यायला प्रश्नांच्या सरबत्तीपेक्षा हा खेळ जास्त उपयोगी पडेल. मात्र त्यात जे दिसेल ते पडताळून पाहायची तयारी हवी.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचाच असतो: स्वमग्न मुलं असं खोटं-खोटं खेळतात कुठे? हा आक्षेप निराधार नाही. स्वतःहून असा खेळ मांडणं त्यांच्यात कमी आढळतं आणि निदान करताना डॉक्टरही ते पाहतात. पण विकी लुईस आणि जिल बाउचर या ब्रिटिश संशोधिकांनी १९८८ मध्ये दाखवलं की, खेळणी हातात देऊन काय करायचं ते सुचवलं, तर ही मुलं तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलांच्या बरोबरीने कल्पनेचा खेळ खेळतात. अडतं ते बरंचसं सुरुवातीपाशी. ती मोठ्यांनी करून द्यावी. काड्यापेट्यांचे बाक मांडावेत, एक उंच बाहुली बाई म्हणून उभी करावी, घंटेसाठी वाटी-चमचा घ्यावा. 'प्रार्थना झाली. मग?' एवढं म्हणून थांबावं, आणि हे थांबणंच बहुतेकांना जमत नाही. समजा, दर वेळी वाटी वाजली की मूल एका बाहुलीला बाकाखाली सरकवतं. 'घंटा आवडत नाही का रे?' या प्रश्नावर त्याने नुसती मान हलवली असती. इथे मात्र आवाज आणि बाकाखालची जागा यांचा काही संबंध असावा, एवढं तरी हाती लागलं.

दुसरा आक्षेप असा, की मूल कार्टूनमधलं किंवा वर्गातलं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणतं. त्यात भावना कसली शोधायची? स्वमग्नतेचं वर्णन १९४३ मध्ये करणारे लिओ कॅनर यांनीच तीन वर्षांनी याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. त्यांच्याकडचा एक पाच वर्षांचा मुलगा आजूबाजूला कुत्राही नाही नि बाल्कनीही नाही, अशा वेळी 'कुत्रा बाल्कनीतून खाली टाकू नकोस' असं म्हणायचा. शोध घेतल्यावर कळलं की, तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या बाल्कनीतून तो खेळण्यातला कुत्रा सारखा खाली टाकत असे आणि वैतागलेल्या आईने त्याला तसं दटावलं होतं. पुढे काहीतरी फेकायची इच्छा झाली की तो स्वतःलाच हे वाक्य ऐकवायचा. ऐकणाऱ्याला मागचा प्रसंग ठाऊक नव्हता, म्हणून ते निरर्थक वाटत होतं. खेळातली बाई रोज त्याच सुरात 'पटपट लिही' म्हणत असेल, तर त्यामागेही प्रसंग असू शकतो. तो शोधायचं काम आपलं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मोठी माणसं खेळात आपल्याच मनातलं वाचतात. मेलनी क्लाइन या मनोविश्लेषकांनी १९३० मध्ये चार वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली. आज अनेक अभ्यासक तो मुलगा स्वमग्न असावा असं मानतात. दोन आगगाड्या घेऊन मोठीला बाबांची आणि छोटीला त्याची गाडी असं नाव क्लाइनबाईंनीच दिलं. त्याने छोटी गाडी खिडकीशी नेऊन 'स्टेशन' म्हटलं, तेव्हा स्टेशन म्हणजे आई, असा अर्थही त्यांनीच लावला. मूल बोललं एक शब्द, बाकीचं सगळं बाईंचं! हा धोका खराच आहे, पण तो खेळ सोडून दिल्याने टळत नाही; 'शाळेत कुणी मारलं का?' असं खोदून विचारण्यातही तो असतोच. त्यावर उपाय म्हणजे भावनेला नाव द्यायची घाई न करणं आणि खेळात एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणं. घंटा वाजवलीच नाही, तर बाहुली बाकावर बसते का? एका दिवसावरून काही ठरवू नये. आणि मुलाला बाहुल्या नकोशा असतील तर आगगाडी चालेल, चित्र चालेल. सक्तीचा खेळ म्हणजे आणखी एक तास.

शाळेत जाताना निष्कर्ष घेऊन जाऊ नये, दिसलं तेवढंच सांगावं: 'खेळात घंटा झाली की बाहुली लपते. वर्गात त्या वेळी काय होतं, आठवडाभर बघाल का?' कारण सापडलं, तर घंटेपासून लांबची जागा मागायला संकोच करू नका. शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांत मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय व्हावी, अशी तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये आहे, आणि त्या कायद्याच्या यादीत स्वमग्नतेचा समावेश आहे.