मायक्रोफोन मुका होतो तेव्हा

आमच्या शाळेतील मुलांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा प्रकल्प घेतला होता. एका मुलीची आजी शाळेत आली आणि वीस मिनिटे गायली. संगणकाला जोडलेल्या हेडफोनचा मायक्रोफोन आजीसमोर धरला होता. आदल्या दिवशी तो उत्तम चालत होता. पण नंतर ऐकू लागलो तर आवाजच नाही! पडद्यावर नागमोडी आलेखाऐवजी नुसती आडवी रेघ.

अशा वेळी आपण काय करतो? पिन काढतो, घालतो, दोन-चार बटणे दाबतो, संगणक बंद करून चालू करतो. कधी आवाज सुरूही होतो. पण बिघाड कोठे होता हे कळत नाही. त्यापेक्षा आवाजाचा प्रवास कसा होतो ते आधी पाहू या.

बोलताना हवेत दाबाच्या लाटा निर्माण होतात. त्यांच्यामुळे मायक्रोफोनमधील पातळ पडदा कंप पावतो. संगणकासोबत वापरले जाणारे साधे मायक्रोफोन बहुधा 'इलेक्ट्रेट' प्रकारचे असतात. हा प्रकार गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित केला. यात कायमचा विद्युतभार साठवलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. पडदा हलला की विद्युतदाब किंचित बदलतो आणि आतला छोटा ट्रान्झिस्टर तो बदल पुढे पाठवतो. या ट्रान्झिस्टरला लागणारी थोडी वीज संगणकच त्याच वायरीतून पुरवतो. संगणकात हा विद्युतदाब सेकंदाला, समजा, ४४,१०० वेळा मोजला जातो. मोजून आलेले आकडे म्हणजेच आपले ध्वनिमुद्रण.

म्हणजे साखळी अशी : मायक्रोफोन, वायर, सॉकेट, मोजणी, प्रोग्रॅम. नळाला पाणी येत नसेल तर प्लंबर सगळा पाइप उखडत नाही. मधली तोटी उघडून पाणी तेथवर पोचते का ते पाहतो. आपणही तसेच करू.

पहिली तपासणी त्या रेघेचीच. ती पडद्यावर मोठी करून पाहावी. रेघ अगदी सरळ, म्हणजे सगळे आकडे शून्य असतील, तर संशय प्रोग्रॅमच्या बाजूला जातो. आवाजाची पातळी शून्यावर असेल, इनपुट म्हणून भलतेच साधन निवडलेले असेल, किंवा विंडोज १० अथवा ११ असल्यास 'प्रायव्हसी'च्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद असेल. याउलट रेघ बारीक थरथरत असेल, तर मोजणी चालू आहे. ती थरथर म्हणजे विद्युतमंडलातील नेहमीची खरखर. मग बिघाड बहुधा सॉकेटपासून मायक्रोफोनपर्यंत कोठेतरी असणार. आमची रेघ थरथरत होती.

दुसरी तपासणी वर्गात मुद्दाम करून दाखवावी अशी आहे. मायक्रोफोनसाठी वेगळे, गुलाबी सॉकेट असलेला संगणक घ्या. त्यात साधा, मायक्रोफोन नसलेला इअरफोन लावा आणि डाव्या कानाच्या बोंडाशी तोंड नेऊन मोठ्याने बोला. आमचे बोलणे बारीक आवाजात, पण स्पष्ट नोंदले गेले! इअरफोनमध्ये चुंबक आणि त्याच्याजवळ तारेचे वेटोळे असते. आवाजाने वेटोळे हलले की त्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

याचा अर्थ सॉकेट व त्यापुढचे सारे ठीक होते. उरली वायर आणि मायक्रोफोन. वायर बोटांनी चाचपत गेलो, तेव्हा आवाज कमी-जास्त करण्याच्या डबीवर एक इवलेसे बटण सापडले. मायक्रोफोन बंद-चालू करण्याचे! हेडफोन टेबलावर मांडताना ते सरकले होते.

अशा शोधात एक पथ्य पाळावे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच तपासावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणती कारणीभूत होती ते कळत नाही. प्रयोगशाळेत आपण मुलांना हेच शिकवतो.

दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा आली. पहिल्या दिवशी तिला सुचलेल्या काही ओव्या मात्र परत आठवल्या नाहीत. तेव्हापासून आमची मुले आधी दहा सेकंदांचे बोलणे मुद्रित करतात, ते ऐकतात आणि मगच पाहुण्यांना म्हणतात, "आता सुरू करा."