लघवी होते, पण मूत्राशय रिकामं होतं का?

लघवी तुंबणं म्हटलं की आठवतात प्रोस्टेट वाढलेले आजोबा. बायकांमधला हाच त्रास मात्र ‘उन्हाळी लागली’, ‘वय झालं’, ‘बाळंतपणानंतर असंच होतं’ अशा कारणांखाली वर्षानुवर्षं दडून राहतो. मूत्राशयात साधारण 300 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. निरोगी स्त्रीच्या मूत्राशयात लघवी करून आल्यावर 50 मिलिलिटरहून कमी उरते. उतारवयात 100 पर्यंत उरली तरी सहसा काळजी नसते. मज्जातंतूंचा आजार नसताना शिल्लक 300 च्या वर, निदान सहा महिने आणि दोन वेळा मोजूनही तशीच आढळली, तर त्याला जुनाट मूत्रावरोध म्हणावं, अशी अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची व्याख्या आहे. कारणं अनेक असली तरी वाटा दोनच: मूत्राशयाचा स्नायू पुरेसा आकसत नाही, किंवा बाहेरचा मार्ग मोकळा होत नाही.

गैरसमज : लघवी होते, उलट गळतेही. मग ती तुंबेल कशी?

वस्तुस्थिती : काठोकाठ भरलेल्या माठात थेंब पडला तरी पाणी ओघळतं, तसंच हे गळणं असू शकतं. जुनाट अवरोधात बहुधा दुखत नाही, कारण मूत्राशय हळूहळू ताणलं जातं. दर तासाला जावं लागणं, धार बारीक होणं, कुंथावं लागणं, करून आल्यावरही ‘अजून आहे’ असं वाटणं, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होणं ही त्याची लक्षणं. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. दर वेळी अस्वच्छतेला दोष देऊन चालत नाही. शिल्लक न मोजता वारंवार लघवीवरच्या गोळ्या सुरू केल्या, तर आधीच कमजोर असलेला स्नायू आणखी सैलावतो.

गैरसमज : बायकांना प्रोस्टेट नसतं, तेव्हा अडथळा येणार कुठून?

वस्तुस्थिती : स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा आणि सरळ असतो, म्हणून अडथळा पुरुषांपेक्षा कमी आढळतो, पण आढळतो. अंग बाहेर येतं तेव्हा मूत्राशय खाली सरकून मूत्रमार्गाला बाक येतो. अशा काही बायकांना अंग हाताने आत सारल्यावरच लघवी होते. हे लाजेपोटी डॉक्टरांनाही सांगितलं जात नाही. मोठी फायब्रॉइडची गाठ मार्गावर दाब देते. खोकताना होणाऱ्या गळतीसाठी बसवलेली जाळीची पट्टी जास्त घट्ट बसली, तरी लघवी अडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी होणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेत आजूबाजूच्या नसा दुखावल्या, तर अडथळा नसूनही मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

गैरसमज : त्रास मूत्राशयाचा, म्हणजे कारणही तिथेच असणार.

वस्तुस्थिती : मूत्राशयाला हुकूम मेंदूकडून, मज्जारज्जूमार्गे येतात. भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने मांडला. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की नसा बधिरतात. मूत्राशय भरल्याची जाणीव आधी मंदावते, बाई दिवसातून दोन-तीनदाच जाते, आणि स्नायू ताणून कमजोर होतो. कमरेतली सरकलेली गादी, मणक्याचा क्षय, मल्टिपल स्क्लेरोसिस, क्वचित बी-12 ची तीव्र कमतरता हीदेखील कारणं आहेत. औषधांच्या डब्यातही पाहावं. सर्दीच्या काही गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलीन, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं यांमुळे लघवी अडू शकते. जुनं बद्धकोष्ठ असेल, तर ते बरं केल्यावरही फरक पडतो.

गैरसमज : लघवी दाबून धरल्यामुळेच हे होतं.

वस्तुस्थिती : एखाद्या प्रवासात धरून ठेवल्याने मूत्राशय निकामी होत नाही. वर्षानुवर्षांची सवय मात्र वेगळी. बाजारात, शेतावर, एसटीच्या प्रवासात स्वच्छ संडास नाही म्हणून पाणीच न पिणारी आणि दिवसभर कळ सोसणारी बाई ओटीपोटाचे स्नायू आवळून धरायला शिकते. पुढे ते वेळेवर सैल सोडणं जमेनासं होऊ शकतं. घाणेरड्या कमोडला स्पर्श नको म्हणून अधांतरी वाकून बसण्याचाही परिणाम होतो. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, अशा बसण्याने लघवीचा सरासरी वेग 21 टक्क्यांनी घटला आणि मागे उरणारी लघवी दुपटीहून जास्त झाली. नीट टेकून किंवा पूर्ण उकिडवं बसावं.

गैरसमज : तरुण मुलीला लघवी होत नाही, रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ.

वस्तुस्थिती : अशा मुलींवर पूर्वी ‘हिस्टेरिया’चा शिक्का सर्रास बसायचा. लंडनमध्ये क्लेअर फाउलर यांनी 1980 च्या दशकात मूत्रमार्गाच्या झडपेच्या स्नायूत सुई घालून विद्युत नोंदी घेतल्या, तेव्हा हा स्नायू सैल पडतच नसल्याचं दिसलं. 1988 साली त्यांनी याची मांडणी केली. आज त्याला ‘फाउलर सिंड्रोम’ म्हणतात. यातल्या अनेक रुग्णांना माकडहाडाजवळच्या नसेला सौम्य विद्युत स्पंदनं देणाऱ्या उपकरणाचा उपयोग होतो.

गैरसमज : मार्ग रुंद करून घेतला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : स्त्रियांमध्ये मूत्रमार्ग खरोखर आकसलेला असणं विरळा. तो आकसलाच नसेल, तर रुंद करून फायदा होत नाही. वारंवार केल्यास जखमेचे व्रण मात्र वाढू शकतात. स्नायू कमजोर आहे की वाट अडली आहे, हे लघवीचा वेग आणि मूत्राशयातला दाब मोजणाऱ्या तपासण्यांतून आधी ठरवावं लागतं.

गैरसमज : नळी लागली म्हणजे आयुष्य संपलं.

वस्तुस्थिती : कायमची नळी आणि पिशवी हा शेवटचा पर्याय आहे. अमेरिकेतले जॅक लॅपिडस यांनी 1972 साली दाखवून दिलं की, रुग्णाने साबणाने हात धुऊन दिवसातून काही वेळा स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामं केलं, तर निर्जंतुक हातमोज्यांचीही गरज नसते. मूत्राशय पूर्ण रिकामं होणं हाच संसर्गापासूनचा मोठा बचाव. घरात, कामावर, प्रवासात बायका हे करतात. तुंबलेलं तसंच सोडलं, तर काहींच्या मूत्रपिंडांना सूज येते आणि ती निकामी होऊ लागतात.

तपासणीला जाताना

पोटाच्या सोनोग्राफीआधी भरपूर पाणी पिऊन थांबायला सांगतात. मूत्राशय फुटेल असं वाटेपर्यंत भरलं असेल, तर निरोगी बाईचंही ते एका दमात रिकामं होत नाही. त्या एकाच आकड्यावर निदान पक्कं करू नये. नेहमीसारखी कळ आल्यावर, निवांत लघवी करून, लगेच पुन्हा मोजून घ्यावं. सोबत साखर, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करावी. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्यावी.

लघवी अचानक पूर्ण बंद झाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, पायांतला जोर गेला, अथवा थंडी वाजून ताप आणि पाठदुखी सुरू झाली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. मणक्यात नसा दबल्या असतील, तर काही तासांचा उशीरही कायमचा महागात पडतो. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.