एएनएम, जीएनएम की बी.एस्सी. नर्सिंग?

बारावीच्या निकालानंतर विद्यार्थिनी आपल्याला हा प्रश्न विचारतात. वस्तुतः निम्मे उत्तर दहावीनंतर शाखा निवडतानाच ठरलेले असते. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी अनिवार्य आहे. एएनएम व जीएनएमला कला शाखेची विद्यार्थिनीही जाऊ शकते.

एएनएम २ वर्षांचा, जीएनएम ३ आणि बी.एस्सी. ४ वर्षांचा अभ्यासक्रम. मुलगी लवकर कमावती होईल म्हणून पालकांचा ओढा साहजिकच पहिल्याकडे असतो. एएनएमचे काम मुख्यतः उपकेंद्र, लसीकरण व माता-बाल आरोग्याचे. ते कमी प्रतीचे मुळीच नाही. खेड्यातील बाळंतिणीला पहिला आधार तिचाच असतो. परंतु नोंदणीकृत परिचारिकेचा दर्जा जीएनएम वा बी.एस्सी.नंतरच मिळतो. ‘एम्स’मधील नर्सिंग ऑफिसरच्या पदास एएनएम पात्र नाही. जीएनएमला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील २ वर्षांचा अनुभव लागतो, बी.एस्सी.ला तो लागत नाही.

एएनएमनंतर पुढे शिकता येते, हे खरे. मात्र जीएनएम पहिल्या वर्षापासून करावे लागते आणि त्यानंतर २ वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. म्हणजे पदवीपर्यंत एकूण ७ वर्षे! घरची निकड असेल तर हाही मार्ग रास्तच. पण विज्ञान झेपणारी मुलगी केवळ माहितीअभावी त्या मार्गाला लागू नये. त्यासाठी प्राध्यापकांनी वर्षातून एकदा तरी परिसरातील शाळांच्या दहावीच्या वर्गांत, शक्यतो पालकांसमक्ष, हा हिशेब मांडावा. प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यताही तपासून द्यावी.