बिनगळाचा चकवा

बोटीच्या मागे, पांढऱ्या फेसाच्या पट्ट्याच्या कडेला, झाडूच्या दांड्याचा वीतभर तुकडा पाणी उडवत चालला आहे. त्याला दोन्ही बाजूंना ॲक्रिलिकचे छोटे पंख आहेत, पोटात शिसं आहे, आणि त्याच्या मागे दोरीला ओवलेली पाच रबरी म्हाकुलं उड्या मारत येताहेत. लांबून बघणाऱ्याला वाटेल की घाबरलेला एखादा थवा जिवाच्या आकांताने पळतो आहे. माशालाही तसंच वाटावं, यासाठीच हा सगळा खटाटोप. पण या लवाजम्यात एकही गळ नाही. मासा आला, तुटून पडला, तोंडात धरून झटकलं, तरी तो अडकणार नाही.

याला टीझर म्हणतात. ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागून दोर ओढत केलेली मासेमारी, आणि त्या दोरांच्या जोडीला केवळ लक्ष वेधण्यासाठी ओढायची वस्तू म्हणजे टीझर. मला त्यासाठी आपला ‘चकवा’ हा शब्द फार जवळचा वाटतो. रात्रीच्या वेळी रानात वाटसरूला लागतो तो चकवा काही बांधून ठेवत नाही. तो फक्त वाट सोडायला लावतो. टीझरही मार्लिन या मोठ्या, चोचवाल्या माशाला त्याची खोल, निळी वाट सोडायला लावतो आणि बोटीमागच्या फेसापर्यंत घेऊन येतो. पुढचं काम गळाचं.

दुकानात हे सामान महाग मिळतं. छत्रीच्या काड्यांसारख्या पोलादी दांड्यांना डझनावारी नकली मासे टांगून पाण्याखाली ओढायचा जो ‘ड्रेज’ असतो, त्याची किंमत शेकडो डॉलरांत जाते, आणि एखाद्या शार्कने चावा घेतला की ते सगळे डॉलर खाली तळाला. म्हणून छोट्या बोटीवाले गॅरेजमध्ये बसून स्वतःचे टीझर बनवतात. याला काटकसर म्हणता येईल, पण तेवढ्यावर थांबणं मला अन्यायाचं वाटतं. कारण या नकली आमिषांचा इतिहास उघडला, तर त्याच्या मुळाशी कारखाना सापडत नाही. सापडतो तो नळकामाचा पाईप आणि बारमधला पेला.

हे मूळ जिथलं, ती जागा म्हणजे हवाईच्या मोठ्या बेटाचा पश्चिम किनारा, कोना. मौना लोआ आणि हुआलालाई हे दोन ज्वालामुखी पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे अडवून धरतात. एकट्या मौना लोआची उंची 4,169 मीटर. त्याच्या आडोशाला समुद्र दिवसचे दिवस तळ्यासारखा शांत राहतो, आणि ज्वालामुखीचा उतार पाण्याखालीही तसाच उतरत गेल्यामुळे किनारा सोडून फार लांब जायच्या आत तळ शेकडो वाव खाली गेलेला असतो. मोठा निळा मार्लिन खोल पाण्यातला मासा. इथे तो किनाऱ्यावरच्या घरातून दिसेल इतक्या जवळून जातो. छोट्या बोटीतल्या, कमी पैशाच्या माणसालाही त्याच्यापर्यंत पोचता येतं, ही कोनाची खरी श्रीमंती.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत इथल्या बोटमालकांना नकली आमिषांची गरज भासू लागली. खरा मासा आमिष म्हणून बांधायचा तर तो आधी पकडावा लागतो, शिवावा लागतो, आणि वेगात ओढला की थोड्या वेळात त्याच्या चिंध्या होतात. जॉर्ज पार्कर याने न्हाणीघरातला चकचकीत क्रोमचा पाईप कापून त्याचं आमिषाचं डोकं केलं. हेन्री ची या कप्तानाने बारमधल्या पेल्यांचा साचा करून त्यात पारदर्शक रेझिन ओतलं. मागचा झालरीसारखा घागरा चाकाच्या ट्यूबच्या रबराचा, नाहीतर मेणकापडाच्या पट्ट्यांचा. याच पार्करने 1954 साली 1,002 पौंडांचा निळा मार्लिन पकडला; हजार पौंडांच्या वरचा प्रशांत महासागरातला नोंद झालेला तो पहिला निळा मार्लिन मानला जातो. पुढे 1959 मध्ये कोनाला आंतरराष्ट्रीय मार्लिन स्पर्धा सुरू झाली, जगभरचे लोक येऊ लागले, जो यी यांच्यासारख्या कारागिरांची डोकी संग्रहात ठेवण्याजोगी झाली. पण या डोक्यांची सगळी घराणी मागे नेत गेलं की त्या पाईपाला आणि त्या पेल्यालाच जाऊन टेकतात.

पार्कर आणि ची यांच्या आमिषांना गळ असायचे. पण गळ काढून घेतला की तेच डोकं टीझर होतं, आणि दोन्हींचं मर्म एकच आहे.

ते मर्म त्या पाईपाच्या तोंडाशी आहे. पाईप काटकोनात सरळ कापला आणि ओढला, तर तो निमूटपणे सरळ येतो. तोच थोडा तिरपा कापला की पाण्याचा दाब तोंडावर एका बाजूला जास्त बसतो आणि डोकं खाली डुबकी घेतं. मग दोर त्याला परत वर खेचतो. वर आल्यावर ते पृष्ठभाग फोडतं, हवेचा एक घोट घेतं, पुन्हा बुडतं, आणि ती हवा बुडबुड्यांच्या लांब पांढऱ्या शेपटीच्या रूपाने मागे सोडत जातं. मासेमार त्या शेपटीला धूर म्हणतात आणि या चक्राला श्वास. डोकं किती वेळाने श्वास घेतं, धूर किती लांब राहतो, यावर सगळं ठरतं. रंगाबद्दल बंदरावर तावातावाने वाद होतात, पण मला विचाराल तर रंगाचा नंबर बराच खालचा आहे. खालून बघणाऱ्या माशाला उजेड असलेल्या आभाळासमोर आधी दिसते ती काळी आकृती आणि चांदीसारखा धूर. निळ्या-गुलाबी झालरीची पाळी नंतर येते.

म्हणूनच घरी केलेला टीझर विकतच्याच्या तोडीस तोड ठरू शकतो. दुकानदार तुम्हाला डोकं विकतो. धूर पाणीच करतं, आणि ते सगळ्यांना सारखंच मिळतं.

माशाच्या बाजूनेही हे थोडं समजून घेण्यासारखं आहे. तलवारमासा आणि मार्लिन यांच्या कुळांत डोळ्याजवळच्या एका स्नायूचं रूपांतर चक्क शेगडीत झालेलं असतं. तो स्नायू आकुंचन पावत नाही, फक्त उष्णता निर्माण करतो आणि मेंदू व डोळे आजूबाजूच्या पाण्यापेक्षा उबदार ठेवतो. फ्रान्सिस केरी यांनी 1982 मध्ये तलवारमाशातल्या या शेगडीचं वर्णन प्रसिद्ध केलं. 2005 मधल्या एका अभ्यासात दिसलं की उबदार डोळ्यामुळे तलवारमाशाला वेगाने लुकलुकणारी गोष्ट थंड डोळ्यापेक्षा दहापटीहून अधिक स्पष्टपणे वेगळी ओळखता येते. खोल, थंड पाण्यातून वर येणाऱ्या शिकाऱ्यासाठी चमक, फडफड आणि अचानक बदललेली दिशा किती मोलाची असेल, हे यावरून कळतं. शिवाय माशाच्या अंगावरची बाजूची रेष पाण्यातली थरथर टिपते. बोटीचा पंखा, फेस, टीझरची आदळआपट हा सगळा गलबला त्याला दिसण्याच्या आधी जाणवतो.

टीझरची कल्पना मात्र कोनापेक्षा जुनी आहे. झेन ग्रे हा काउबॉय कादंबऱ्यांचा लेखक 1926 मध्ये न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये गेला, तेव्हा तिथले लोक बोट थांबवून, वाहत्या पाण्यावर मासेमारी करत. हा गडी टीझर ओढत फिरला. टीझरचा सर्वांत सुंदर उपयोग मात्र मला पनामाच्या पिन्यास बे इथला वाटतो. वेबस्टर रॉबिन्सन यांनी तिथे 1962 मध्ये प्रशांत महासागरातला सेलफिश फ्लाय रॉडवर, म्हणजे पिसांचं हलकं आमिष टाकायच्या काठीवर पकडला. बिनगळाचं आमिष ओढून सेलफिशला बोटीजवळ आणायचं, तो चांगला चिडला की ते झटकन पाण्याबाहेर काढायचं, आणि रागावलेल्या माशासमोर पिसं टाकायची. आज कित्येक बोटी मार्लिनसाठी हीच अदलाबदलीची रीत वापरतात. गळ पाण्यात अगदी शेवटच्या क्षणी जातो, कोणत्या माशासाठी कोणता दोर ते डोळ्यांनी बघून ठरवता येतं, आणि मासा बहुधा तोंडाच्या कडेला अडकत असल्यामुळे सोडून देताना त्याला इजा कमी होते.

आता प्रत्यक्ष बनवण्याकडे. सुरुवात म्हाकुलांच्या माळेपासून करावी. सुमारे तीन मीटर लांबीचा, दोन मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा एकेरी दोर घ्यायचा. बारीक दोर स्वस्त पडतो, पण उलटसुलट झटक्यांत तो पिळून कुचकामी होतो, म्हणून इथे पैसे वाचवू नयेत. मऊ प्लास्टिकची वीतभर म्हाकुलं पाच-सहा आणायची. प्रत्येकाच्या डोक्यात आतून एक अंड्याच्या आकाराचं भोकाचं शिसं किंवा काचेचा जाड मणी बसवायचा, म्हणजे दोर डोकं कापत नाही आणि म्हाकूल उलटं होत नाही. मण्याच्या मागे दोरावर धातूची छोटी नळी दाबून बसवली की म्हाकूल जागचं हलत नाही. दोन म्हाकुलांमध्ये हातभर अंतर, आणि सगळ्यात शेवटचं जरा मोठं, थोडं जास्त मागे राहिलेलं. थव्यात मागे पडलेल्या एकट्यावर शिकाऱ्याचं लक्ष जातं, हे त्यामागचं कारण. पुढे चांगली बेअरिंगची भिंगरी लावायची, नाहीतर तासाभरात दोराचा गुंता होतो.

सुरुवातीला माळेच्या पुढे जो झाडूचा दांडा दिसला, तो ‘पक्षी’. त्याच्याबद्दल सांगायची गोष्ट त्याच्या पोटात आहे. शिसं नसलेला पक्षी पाण्यावर कोलांट्या घेतो, पाठ-पोट एक करतो आणि दोर पिळतो. दांड्याच्या खालच्या बाजूला खाच करून त्यात शिशाची पट्टी इपॉक्सीने बसवली की त्याला वर-खाली कळतं आणि पंख दोन्ही बाजूंना सारखं पाणी उडवतात. लाकूड आधी नीट वाळवून त्यावर रंगाचे दोन-तीन हात द्यावेत. भिजलेलं लाकूड फुगतं आणि पंखांच्या खाचा ढिल्या होतात.

बोलिंगच्या खेळातल्या पिना हा आणखी एक सुखद शोध. पिन जवळपास 38 सेंटिमीटर उंच, मेपलच्या लाकडाची, वर प्लास्टिकचं कवच, वजन साधारण दीड किलो. टवके उडालेल्या पिना बोलिंगच्या जागा काढून टाकतात. मधोमध भोक पाडून दोर ओवला की ती कंबर हलवत, पाण्यात डुबक्या मारत बोटीमागे चालते, आणि तिच्या आकारामुळे जो खड्डा पडतो तो कुठल्याही झालरवाल्या डोक्यापेक्षा मोठा. दीड किलोचं लाकूड वेगात ओढलं की ओढ जबरदस्त बसते, तेव्हा ते हाताने धरू नये, बोटीच्या पक्क्या खुंटीला बांधावं.

रेझिन ओतण्याबद्दल मात्र मी सावध करीन. पेल्याचा साचा ऐकायला गोड वाटतो, पण पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना तापतं, त्याची वाफ डोक्यात जाते, आणि ते घट्ट करणारं रसायन डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. उघड्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालूनच हे काम करावं. शिसंही घरात वितळवू नये. तयार गोळ्या पुरतात.

आणि जुन्या सीडी. आरशासारखी चमक मिळते म्हणून बरेच जण त्या कापून ड्रेजवर टांगतात, शीतपेयाचे डबेही बांधतात. चमक खरोखर चांगली असते. तरीही मला ते पटत नाही. सीडी तडकते, तिचे पातळ धारदार तुकडे पाण्यात जातात आणि परत येत नाहीत. कोना ज्या बेटावर आहे, त्याच बेटाच्या दक्षिण टोकाजवळ कामिलो नावाचा किनारा आहे. प्रशांत महासागरातलं तरंगतं प्लास्टिक प्रवाहाबरोबर येऊन तिथे साचतं, इतकं की वाळूत रंगीत तुकडे मिसळलेले दिसतात. ज्या समुद्रावर प्रेम म्हणून आपण पहाटे उठतो, त्यात आपल्या हाताने कचरा सोडायचा नाही. चमक हवी तर स्टीलचा पातळ पत्रा घ्या, कडा घासून गोल करा. तुटला तर निदान बुडतो आणि गंजतो.

बोट सहा ते नऊ नॉट वेगाने चालते, म्हणजे तासाला अकरा ते सतरा किलोमीटर. टीझर कुठे ठेवायचा ते या वेगाशी बांधलेलं आहे. बोटीमागे उठणाऱ्या लाटांपैकी दुसरी-तिसरी लाट निवडायची, आणि टीझर तिच्या पुढच्या उतारावर येईल इतका दोर सोडायचा. उतारावर तो नीट श्वास घेतो, माथ्यावर ठेवला की हवेत उडतो, खळग्यात ठेवला की दिसेनासा होतो. हातभर दोर इकडचा तिकडे आणि सगळं चित्र बदलतं. घरचा टीझर पहिल्याच फेरीत नीट चालला असं क्वचित होतं. बोटीच्या कडेला बांधून, वाकून, दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत बसावं लागतं. जास्त लोळतो आहे? तोंडाचा तिरपेपणा कानसीने कमी करा. डुबत नाही? शिसं थोडं पुढे सरकवा. मग पुन्हा पाण्यात.

आणि कधी तरी तिसऱ्या लाटेच्या खाली एक तपकिरी सावली दिसते. ती वर येते तसतशी उजळत जाते. चिडलेल्या मार्लिनच्या अंगावरचे पट्टे झगमगीत निळे होतात, पुढचे पंख विजेच्या दिव्यासारखे पेटतात. तो चोच बाहेर काढून झाडूच्या दांड्यावर मारतो, पुन्हा मारतो. बोटीवरचा माणूस टीझर खेचतो, मासा मागोमाग येतो, कुणी तरी खरं आमिष टाकतं. पुढे मासा लागतो, निसटतो, किंवा सरळ खोल निघून जातो.

संध्याकाळी तो दांडा डेकवर ओला पडलेला असतो. मार्लिनची चोच कानसीसारखी खरबरीत असते, आणि लाल रंगावर तिचे आडवे, बारीक, पांढरे ओरखडे उमटलेले असतात. मालक त्यावरून अंगठा फिरवतो, पंखांची खाच ढिली झाली का ते बघतो, आणि तेवढीच इपॉक्सी भरतो. ओरखड्यांवर रंग लावत नाही.