विश्लेषण : टेलिफोनची दरवाढ रोखणारा वकील गव्हर्नर कसा झाला?

वीजबिलावर स्थिर आकार किती, युनिटचा दर किती, हे आयोग ठरवतो. पण आयोगावरची माणसे कोण ठरवतो? अमेरिकेतील लुइझियाना राज्यात त्यांना मतदार निवडून देतात. याच पद्धतीतून शंभर वर्षांपूर्वी ह्युई लाँग हा गावाकडचा वकील पुढे आला.

वकिली किती दिवसांची?
लाँग यांचा जन्म १८९३ चा, विनफिल्ड या छोट्या गावाजवळचा. आधी फिरता विक्रेता, मग तुलेन विद्यापीठात जेमतेम वर्षभर कायद्याचा अभ्यास आणि १९१५ मध्ये सनद. वकिली सुरू केली ती विनफिल्डमध्येच. पक्षकार बहुतेक गरीब. जखमी कामगारांच्या भरपाईचे दावे त्यांनी बरेच चालवले.

आयोगावर कसे पोहोचले?
राज्यातील इतर बड्या पदांसाठी त्यांचे वय कमी पडत होते. रेल्वे आयोगाच्या सदस्याला मात्र किमान वयाची अट नव्हती. लाँग यांनी नेमकी ही फट हेरली आणि १९१८ मध्ये, २५ व्या वर्षी, तीन सदस्यांच्या आयोगावर निवडून आले. १९२१ च्या राज्यघटनेने याच आयोगाला लोकसेवा आयोग हे नाव आणि अधिक अधिकार दिले. (आपल्याकडच्या नोकरभरतीच्या लोकसेवा आयोगाशी त्याचा संबंध नाही, हा दर ठरवणारा आयोग.) १९२२ मध्ये लाँग त्याचे अध्यक्ष झाले.

टेलिफोनचे प्रकरण काय?
कंबरलँड टेलिफोन कंपनीला आयोगाने सुमारे २० टक्के दरवाढ मंजूर केली होती. लाँग यांचा विरोध होता. अध्यक्ष होताच त्यांनी प्रकरण पुन्हा उघडले. कंपनी न्यायालयात गेली. वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि तिथे आयोगाची बाजू लाँग यांनी स्वतः मांडली. शेवटी हजारो ग्राहकांना जादा घेतलेले पैसे परत मिळाले. नियामकाच्या आदेशाने दरवाढ थांबणे एक, आणि पैसे हातात परत पडणे वेगळे. हे लोक विसरत नाहीत, आणि ते विसरू नयेत याची काळजी लाँग यांनी पत्रके वाटून घेतली.

मग आक्षेप कशावर?
स्टँडर्ड ऑइलवर. कंपनीच्या तेलवाहिन्या छोट्या उत्पादकांचे कच्चे तेल घेईनात, तेव्हा या वाहिन्यांनी सर्वांचा माल समान अटींवर वाहून न्यावा, ही मागणी लाँग यांनी लावून धरली. मागणी रास्तच होती. पण अशा छोट्या तेल कंपन्यांचे समभाग खुद्द लाँग यांच्याकडेही होते. ज्या वादात आपले पैसे अडकले आहेत, त्याच वादात ते नियामकाच्या खुर्चीवर बसले होते. त्यांचे चाहते हा मुद्दा सहसा गाळतात.

दुसरी गोष्ट मतदारांची. हा निवडून येणारा आयोग ज्या १८९८ च्या राज्यघटनेने स्थापला, तिनेच बहुतांश कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क काढून घेतला. बिल भरणारे सगळे. मत देणारे मात्र निवडक.

पुढे काय झाले?
१९२४ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक हरले, पण आयोगावर पुन्हा निवडून आले. १९२८ मध्ये गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी शुद्ध केलेल्या तेलावर कर लावायला निघाले आणि महाभियोगाला सामोरे गेले, त्यातून वाचले. १९३२ मध्ये सिनेटर झाले. तोवर राज्याचा कारभार त्यांच्या एकहाती आला होता. सप्टेंबर १९३५ मध्ये राज्याच्या विधान भवनातच त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.

महाराष्ट्रात वेगळे काय?
इथे वीज नियामक आयोगाचे सदस्य निवड समितीच्या शिफारशीने नेमले जातात. २००३ च्या वीज कायद्यानुसार उमेदवाराचे कामात बाधा आणणारे आर्थिक हितसंबंध नाहीत, याची खात्री समितीने करायची असते. पद सोडल्यावर दोन वर्षे व्यापारी नोकरीही करता येत नाही. आयोगात कायद्याच्या क्षेत्रातील किमान एक सदस्य असलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितले. लोड फॅक्टरची गणिते पाठ असलेल्या आम्हा अभियंत्यांना हे थोडे खटकते. पण दराचा आदेश शेवटी टिकतो किंवा पडतो तो न्यायालयात. लुइझियानात मात्र आजही आयोगाचे पाचही सदस्य मतदार सहा वर्षांसाठी निवडून देतात.